गोत्राचे ‘विज्ञान’ आणि सातव्या गुणसूत्रावरचे एक अक्षर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर गेली कित्येक वर्षे फिरतो आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर तो कधी ना कधी येऊन गेला असेल. त्याचा सारांश असा: पुरुषाचे वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, गोत्रही बापाकडूनच मुलाकडे जाते, म्हणजे आपल्या ऋषींना गुणसूत्रे ठाऊक होती. एका गोत्रात लग्न केले की संतती रोगट निपजते, म्हणून त्यांनी सगोत्र विवाह निषिद्ध ठरवला. सबब जातिव्यवस्था हे प्राचीन भारताचे जनुकशास्त्र आहे. शेवटची उडी किती लांब आहे ते बघा. गोत्रापासून निघालेला माणूस जातीवर कधी येऊन पोहोचला, हे वाचणाऱ्याला कळतही नाही.

हा मजकूर आम्हाला पाठवणाऱ्यांत आपलीच मुले जास्त आहेत. बी.एस्सी. झालेली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. खाली एकच ओळ असते, “याला उत्तर काय द्यायचं?” ‘मनुवाद्यांचा कावा’ एवढे म्हणून सोडून देता येते, पण तेवढ्याने समोरच्याचे तोंड बंद होत नाही आणि आपल्या मुलाची शंकाही फिटत नाही. म्हणून आम्ही येथे एका जनुकाची गोष्ट सांगणार आहोत. एकाच जनुकाची, पण नीट.

हेच जनुक का, तर आमचे काम ज्या घरांत आहे त्या घरांशी त्याचा संबंध आहे. झटके येणारी मुले, तीन वर्षांची होऊनही न बोलणारी मुले, आधी चार शब्द बोलून मग गप्प झालेली मुले. मराठवाड्यातल्या वस्त्यांत अशी मुले घरोघर नाहीत, पण प्रत्येक वस्तीत आहेत. त्या घरांत ‘जनुक’ हा शब्द फार उशिरा येतो. त्याच्या आधी ‘बाहेरचं’ येते, ‘बाधा’ येते, ‘आईचं पाप’ येते आणि ‘मागच्या जन्माचं’ तर येतेच येते. झटका आला की नाकाला कांदा लावतात, नाहीतर चामड्याची चप्पल. ज्या चामड्याला हात लावला म्हणून आमच्या आजोबांना बाटलेले ठरवले, तेच चामडे या देशात मिरगीवरचे औषध म्हणून थेट नाकाशी धरतात. असो.

तर जनुकाचे नाव सीएनटीएनएपी२. माणसाच्या सातव्या गुणसूत्राच्या लांब बाजूला, टोकाकडे ते असते. जनुक म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर असे समजा. हा मजकूर सुमारे २३ लाख अक्षरांचा आहे, माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक. गंमत अशी, की एवढ्या लांबलचक मजकुरात प्रत्यक्ष प्रथिन बनवण्याची सूचना जेमतेम चार हजार अक्षरांची आहे. त्या सूचनेवरून १३३१ अमिनो आम्लांचे एक प्रथिन तयार होते. त्याला कॅस्पर-२ म्हणतात.

हे प्रथिन मेंदूतल्या पेशीच्या आवरणात रोवलेले असते. त्याचा छोटा भाग पेशीच्या आत आणि मोठा भाग बाहेर. बाहेरच्या भागाने ते शेजारच्या पेशीवरच्या दुसऱ्या प्रथिनांना धरते. पेशीला पेशी चिकटवून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या मोठ्या कुळातले ते एक. पण हे चिकटणे फक्त डिंकासारखे नसते. कोणी कोणाशेजारी बसायचे, निरोप कोठून कोठे जायचा, हे त्यातून ठरते.

मज्जातंतू विजेच्या तारेसारखा असतो आणि त्यावर चरबीचे वेष्टण असते, एवढे शाळेत शिकलेले आपल्याला आठवत असेल. हे वेष्टण सलग नसते, ठरावीक अंतरावर फटी असतात. संदेश एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उडी मारत जातो. फटीच्या अगदी लगतच्या भागात, वेष्टणाखाली, पोटॅशियमची दारे गोळा करून ठेवण्याचे काम कॅस्पर-२ करते. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हे प्रथिन आणि त्याची ही जागा दाखवून दिली. पोटॅशियमची दारे उघडली की उत्तेजित झालेला तंतू शांत होतो. ती जागेवर नसली की शांत होण्यात गडबड होते. आणि मेंदूतल्या पेशी गरजेपेक्षा जास्त, एकाच वेळी, अनावर उत्तेजित होतात त्यालाच आपण झटका म्हणतो.

याहून आधीचे एक काम आहे. गर्भात मेंदू घडत असताना नव्या पेशी जन्मल्या जागेवरून चालत आपापल्या ठिकाणी जातात. खरोखर चालत जातात, हे वाचले तेव्हा आम्हाला मोठे नवल वाटले होते. हे प्रथिन नसले तर काही पेशी मुक्कामाला पोहोचत नाहीत, वाटेतच राहतात. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी हे जनुक बंद केलेले उंदीर तयार केले. त्यांच्या मेंदूत पेशींचे स्थलांतर बिघडलेले होते, आवर घालणाऱ्या पेशी कमी होत्या, त्यांना झटके येत, ते एकच हालचाल पुन्हापुन्हा करत आणि दुसऱ्या उंदरांशी नीट मिसळत नसत. स्वमग्न मुलांना देतात त्यातले एक औषध दिल्यावर पुन्हापुन्हा करण्याची सवय कमी झाली. मिसळणे मात्र सुधारले नाही. औषधाने काय होते आणि काय होत नाही, हे आईबापांना आधीच सांगणारे डॉक्टर आम्हाला म्हणूनच आवडतात.

आता माणसांकडे येऊ. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अमिश नावाचा एक ख्रिस्ती पंथ राहतो. युरोपात धर्मावरून छळ झाला म्हणून अठराव्या शतकात त्यांचे पूर्वज तिकडे गेले. घोडागाडीने फिरतात, शेती करतात. लग्न मात्र पंथातच. सुरुवातीला गेलेली माणसे काही शे आणि आजचे हजारो लोक त्यांचेच वंशज. १९८९ मध्ये होम्स मॉर्टन नावाच्या डॉक्टरने तिथे अशा समाजांतल्या मुलांसाठी एक दवाखाना सुरू केला. त्याची इमारत अमिश शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने उभारून दिली.

या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक शोध प्रसिद्ध केला. काही अमिश मुलांना अगदी लहानपणी झटके सुरू होत. औषधांना दाद न देणारे. त्यानंतर आलेली भाषा जाई, मुले अतिचंचल होत, अंगावर धावून जात, बुद्धीची वाढ खुंटे. काही मुलांच्या मेंदूची शस्त्रक्रियाही झाली, तरी झटके परत आले. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा पेशी चुकीच्या जागी सापडल्या आणि कॅस्पर-२ कमी आढळले. कारण काय निघाले? सीएनटीएनएपी२च्या त्या चार हजार अक्षरांतले ३७०९ वे एक अक्षर गळले होते. एक अक्षर गळले की पुढचा सगळा मजकूर सरकतो आणि प्रथिन अर्धवट राहते.

आईबाप? ठणठणीत. झटके नाहीत, बोलणे नीट, शेती करणारे, घर चालवणारे. कारण प्रत्येक माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागते. अशा माणसाला वाहक म्हणतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच हा आजार होतो. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते, आणि ती प्रत्येक वेळी नव्याने असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली असे होत नाही.

हे असले छुपे बिघाड फक्त अमिश लोकांत आहेत काय? मुळीच नाही. तुमच्यात आहेत, आमच्यात आहेत, शंकराचार्यांच्या पीठावर बसलेल्यातही आहेत. प्रत्येक माणूस असे काही बिघाड घेऊनच जन्मतो. ते बहुधा आयुष्यभर झोपून राहतात, कारण जोडीदाराकडे नेमका तोच बिघाड असण्याची शक्यता फार थोडी. ही शक्यता वाढते केव्हा? दोघांचे पूर्वज तेच असतील तेव्हा. म्हणजे लग्ने एकाच कुंपणात फिरत राहतात तेव्हा. अमिशांचे रक्त वाईट नव्हते, त्यांचे कुंपण लहान होते.

आता तो व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर पुन्हा काढा. पहिली गोष्ट, मुलीकडे वाय गुणसूत्र नसतेच. मग सगोत्र मुलीशी लग्न केल्याने वाय गुणसूत्राचे काय बिघडते? मुलाला वाय बापाकडून मिळते, आई कोणत्याही गोत्राची असो. हे एका वाक्याचे उत्तर आहे, ते पाठ करून ठेवा. दुसरी गोष्ट, आपण ज्या जनुकाबद्दल बोलतो आहोत ते सातव्या गुणसूत्रावर आहे. ते आईकडूनही येते आणि बापाकडूनही. गोत्र मोजते फक्त बापाची वाट. आई, आजी, पणजी यांच्याकडून काय आले हे गोत्राच्या वहीत लिहिलेलेच नसते. ज्या व्यवस्थेने स्त्रीला मोजलेच नाही, तिला आनुवंशिकता कळली होती असे कसे म्हणावे?

आणि तिसरी गोष्ट आपल्या अंगणातली. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करतात. गोत्र वेगळे, कूळ वेगळे, आडनाव वेगळे. गोत्राच्या ‘विज्ञाना’त हे लग्न शंभर टक्के पास. पण मुलाचे आजोबा-आजी आणि मुलीचे आजोबा-आजी तेच! अशा सख्ख्या आते-मामे भावंडांची सरासरी आठवा हिस्सा जनुके समान असतात. उलट बाजूला, एका गोत्राचे पण वीस पिढ्या दूर असलेले दोघे जवळपास परकेच असतात, आणि त्यांच्या लग्नाला मनाई. म्हणजे जिथे धोका आहे तिथे परवानगी आणि जिथे नाही तिथे बंदी.

ही प्रथा आपल्या बौद्ध वस्त्यांतही चालू आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. “मामाची पोरगी घरातलीच, हुंड्याची कटकट नाही, सांभाळून घेईल,” हे वाक्य आम्ही पंचशील घेऊन लागलेल्या लग्नांच्या मांडवातही ऐकतो. ज्यांची अशी लग्ने झाली आहेत त्यांना घाबरवण्याचा आमचा हेतू नाही. कोणत्याही जोडप्याच्या शंभर मुलांत दोन-तीन मुलांना जन्मतः काही गंभीर दोष असतो, आते-मामे भावंडांच्या बाबतीत हा आकडा साधारण दुप्पट होतो. म्हणजे बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात. पण ज्या घरात एका मुलाला आजार निघाला, त्या घराने पुढच्या लग्नाआधी हा हिशेब मांडलाच पाहिजे.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले तेव्हा अंतर्विवाह आणि बहिर्विवाह हे शब्द परदेशी लेखकांच्या नावाने शिकवले गेले. बाबासाहेबांचा निबंध ‘अधिक वाचना’च्या यादीत होता, तोही शेवटी. वास्तविक ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. त्यातला गाभा असा: या देशात मूळ नियम बहिर्विवाहाचा, म्हणजे आपल्या कुळाबाहेर लग्न करण्याचा होता. त्या बहिर्विवाहावर अंतर्विवाह लादला गेला आणि जात जन्माला आली. व्हॉट्सअ‍ॅपवाला नेमका इथेच घसरतो. तो गोत्राची आतली छोटी रेघ दाखवतो आणि तिच्याभोवतीची जातीची भिंत झाकतो. घरातल्या खोल्या बदला, पण वाड्याबाहेर पाऊल टाकू नका, असा हा प्रकार.

बाबासाहेबांकडे तेव्हा जनुकांची तपासणी करणारे यंत्र नव्हते. डीएनएची रचना कळायला अजून सदतीस वर्षे होती. पण भिंत आहे, हे त्यांनी समाजाकडे पाहून सांगितले. जनुकशास्त्राला ती भिंत दिसली पुढे शंभरेक वर्षांनी. हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संस्था आणि अमेरिकेतील हार्वर्डचे संशोधक यांनी २०१३ मध्ये मांडले, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोक एकमेकांत भरपूर मिसळत होते आणि नंतर हे मिसळणे थांबले. म्हणजे ‘अनादी काळापासून’ वगैरे काही नाही. दार उघडे होते, ते नंतर कोणीतरी बंद केले. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले ८१ समूह असे निघाले, की मोजक्या पूर्वजांपासून आल्याची आणि आतल्या आत लग्ने केल्याची खूण त्यांच्यात अश्केनाझी ज्यू आणि फिनलंडचे लोक यांच्याहूनही ठळक होती. त्यातल्या १४ समूहांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे. दहा लाख माणसे, आणि तरी कुंपण अमिशांसारखे! आंध्रातल्या वैश्य समाजात एका विकराची उणीव इतकी आढळते, की भूल देताना वापरायच्या काही औषधांनी त्यांचे स्नायू बराच वेळ लुळे राहू शकतात. हा समाज काही दुबळा, उपाशी नाही. व्यापारी, सधन आहे. भिंतीने सवर्ण म्हणून सूट दिली नाही.

इथे एक सावधगिरी. काही उत्साही मित्र लगेच म्हणतात, मग आंतरजातीय विवाहाचा प्रचार आरोग्याच्या नावाने करू या. आम्हाला हे पटत नाही. ‘जातिनिर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय म्हणून सांगितला तो रक्ताच्या नात्याने आपलेपणा निर्माण व्हावा म्हणून, रोग कमी व्हावेत म्हणून नव्हे. उद्या एखाद्याने आंतरजातीय जोडप्याचे आजारी मूल दाखवले तर काय आपण आपले म्हणणे मागे घेणार? अमिशांची भिंत आणि जातीची भिंत यातला फरकही विसरू नये. अमिश आपल्या शेजाऱ्याला विहिरीवरून हाकलत नाहीत. आपल्याकडे भिंतीला शिडी जोडलेली आहे, वर चढणारा खालच्याच्या डोक्यावर पाय देतो. समतेची मागणी समतेसाठीच करायची असते. विज्ञान फक्त एवढेच करते, की भिंतीला ‘विज्ञान’ म्हणणाऱ्याच्या हातातले प्रमाणपत्र काढून घेते.

आणखी एक प्रमाणपत्र काढून घ्यायचे आहे, ते ‘मेरिट’चे. २००८ मध्ये या जनुकाला एकदम प्रसिद्धी मिळाली. त्यातले काही फेरफार स्वमग्नतेशी जोडणारे तीन शोधनिबंध एकदम आले. भाषेशी निगडित असलेले फॉक्सपी२ नावाचे जनुक याच्यावर नियंत्रण ठेवते, असेही त्याच वर्षी दिसले. झाले, वाचेचे जनुक, बुद्धीचे जनुक अशी भाषा सुरू झाली. आपल्याकडे अशा बातम्यांचे पुढे काय होते ते ठाऊक आहे. ‘यांच्या जनुकातच नाही हो,’ असे आरक्षणावरच्या वादात ऐकवणारे महाविद्यालयीन मित्र आपल्या प्रत्येकाला भेटलेले असतात. पुढे काय झाले ते मात्र कोणी सांगत नाही. मोठ्या संख्येने माणसे तपासली तेव्हा हा संबंध टिकला नाही. २०१८ मध्ये स्वमग्नता, स्किझोफ्रेनिया अशा वेगवेगळ्या आजारांच्या माहितीची एकत्र छाननी झाली आणि निष्कर्ष निघाला, की हे जनुक या मानसिक आजारांचे मुख्य कारण असण्याची शक्यता दिसत नाही. दोन्ही प्रती गेल्या तर गंभीर आजार होतो, हे पक्के. एक प्रत बिघडलेली किंवा एखादे अक्षर इकडेतिकडे, त्यावरून कोणाच्या बुद्धीचा, बोलण्याचा, लायकीचा अंदाज बांधता येत नाही.

‘जातिनिर्मूलन’ काढून बघा. जातीमुळे वंश शुद्ध राहतो, हा दावा खोडताना बाबासाहेबांनी १९३६ साली बेटसन या आनुवंशिकीच्या अभ्यासकाचा दाखला दिला आहे. आशय असा, की उच्च मानसिक गुण एखाद्या एकट्या आनुवंशिक घटकातून उतरत नाहीत, अनेक घटक एकत्र येण्यातून घडतात. ज्याला आज जगभरातल्या प्रयोगशाळा दुजोरा देतात ते आपल्या नेत्याने ब्याऐंशी वर्षे आधी, न झालेल्या भाषणाच्या पुस्तिकेत, विज्ञानाचा आधार घेऊन लिहून ठेवले होते. आपण पुस्तक मिरवणुकीत डोक्यावर घेतो, ते चांगलेच. पण हे पान उघडून वाचायला हवे.

आता त्या घरांकडे परत जाऊ, कारण वाद जिंकून मुलाचे झटके थांबत नाहीत.

एका घरात चार वर्षांच्या मुलाला दिवसातून पाचसहा वेळा झटके यायचे. नवरा-बायको नात्यातले. सासूने ठरवून टाकले होते, की दोष सुनेचा आहे. मुलासाठी दुसरी बायको बघायची तयारी चालू होती. आम्ही विचारले, बघितली कोण? तर त्या मुलाच्या दुसऱ्या मामाची मुलगी. म्हणजे ज्या घरातून ‘दोष’ आला असे म्हणायचे, त्याच घरातून दुसरी आणायची. आम्ही कागदावर चार चौकोन काढून सगळ्यांसमोर मांडले. आजाराला कारण असे अक्षर गळणे असेल तर एक प्रत सुनेची आणि एक प्रत तुमच्या मुलाची, निम्मे-निम्मे. एकटी आई कधीच कारण असू शकत नाही. सासू गप्प झाली. सून बोलली ते वेगळेच, “ताई, म्हणजे मागच्या जन्माचं काही नसतं ना?”

या प्रश्नाला आमच्याकडे फार स्पष्ट उत्तर आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या हिंदू सिद्धांताची तपासणी आनुवंशिकतेच्या शास्त्राशी ताडून केली आहे. मूल आईबापांकडून गुणधर्म घेते असे शास्त्र सांगते, पण तो सिद्धांत म्हणतो की मूल स्वतःचेच मागचे कर्म घेऊन येते, आईबापांकडून मिळते ते फक्त शरीर. बाबासाहेब याला निखालस मूर्खपणा ठरवतात. खुद्द पाली साहित्यात, संयुत्त निकायात, सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, की माणसाला होणारे सगळे सुखदुःख मागच्या कर्मानेच होते काय? बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी कारणे मोजून दाखवतात आणि सगळे पूर्वकर्मावर टाकणाऱ्यांना चूक म्हणतात. त्या माउलीला आम्ही हे सांगितले. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

त्या मुलाला नेमके काय आहे, हे आजही कागदावर नाही. सीएनटीएनएपी२ असेल, दुसरे एखादे जनुक असेल, किंवा जनुकाचा काही संबंधच नसेल. हे मुद्दाम सांगतो, कारण हा लेख वाचून कोणी प्रत्येक झटक्याला ‘जीन’ म्हणत सुटू नये. या जनुकामुळे होणारा आजार दुर्मीळ आहे. आपल्याकडे झटक्यांची कारणे बहुतेक वेळा साधी असतात: बाळंतपणात बाळाचा श्वास अडकणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, मेंदूत जंताची गाठ. त्या गाठीबद्दलही एक टोमणा नेहमी ऐकू येतो, ‘डुक्कर खाता म्हणून होतं.’ खोटे आहे. मेंदूत गाठ होते ती जंताची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून दूषित पाण्यात, कच्च्या भाजीत येतात. आयुष्यात मांसाला न शिवलेल्या शाकाहारी माणसालाही ती होते. प्रश्न ताटाचा नाही, संडास आणि पाण्याचा आहे.

याच कॅस्पर-२ची दुसरी कथा म्हाताऱ्या माणसांची आहे. जनुक व्यवस्थित, प्रथिन व्यवस्थित, आयुष्य सुरळीत गेलेले. आणि साठीच्या आसपास शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या प्रथिनावर हल्ला चढवते. रुग्ण बहुतेक पुरुष असतात. झोप उडते, अंगभर स्नायू फडफडतात, घाम फुटतो, आग होते, स्मरण जाते, झटके येतात, नसलेली माणसे दिसू लागतात. अशा म्हाताऱ्याला आपल्याकडे कोठे नेतात ते सांगायला नको. रात्रभर न झोपणारा, हवेत कोणाशी तरी बोलणारा म्हातारा म्हणजे मांत्रिकाचे हमखास गिऱ्हाईक. पण रक्ताच्या तपासणीत ही प्रतिद्रव्ये सापडतात आणि स्टेरॉइड किंवा इतर उपचारांनी पुष्कळ रुग्ण सुधारतात. तेच प्रथिन, पण मुलात जन्मजात नसले तर आजवर मुळावर इलाज नाही, आणि म्हाताऱ्यात त्यावर हल्ला झाला तर इलाज आहे. आजाराचे नाव माहीत असण्यात किती फरक पडतो ते यावरून कळावे.

भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर झटले तो त्यांच्या खुनानंतर आला. पण पोलीस ठाण्याची वाट दाखवताना दवाखान्याचीही वाट दाखवावी लागते, आणि ती फार लांब आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचे केईएम रुग्णालय केंद्र म्हणून नेमलेले आहे. परभणी-हिंगोलीकडच्या ऊसतोड मजुराने झटके येणारे मूल घेऊन रात्रभराचा रेल्वेप्रवास करायचा, मुंबईत राहायचे, मजुरी बुडवायची, आणि जनुकतपासणीचा अहवाल यायला पुढे कित्येक आठवडे. एका जिल्ह्याच्या ठिकाणी तर एका डॉक्टरने आम्हाला तोंडावर सांगितले, “जीनबिन या लोकांना काय कळणार, गोळ्या लिहून देतो.” या लोकांना! चार चौकोनांचा हिशेब त्या सासूला दहा मिनिटांत कळला होता.

अमिश आठवी इयत्तेनंतर शाळा सोडतात. तरीही कोणत्या आजाराचा वाहक कोण, हे त्यांच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असते, कारण एका डॉक्टरने ते समजावण्याची तसदी घेतली आणि समाजाने दवाखान्यासाठी लाकडे उचलली. आम्ही विहारांसाठी विटा उचलणारा समाज आहोत. विहाराच्या एका खोलीत महिन्यातून एकदा मेंदूविकाराचा डॉक्टर बसवणे आम्हाला अशक्य नाही. आम्ही तीन ठिकाणी सुरुवात केली आहे.

तिथे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी चार गोष्टी. झटका आला की मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, आणि दुसऱ्या कोणाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. ते चित्रण डॉक्टरला दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगते. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट दवाखाना. घरी गेलात की तीन पिढ्यांचा तक्ता काढा: कोणाचे लग्न कोणाशी, कोणते मूल दगावले, कोण बोलत नव्हते. आजीला विचारा, तिलाच माहीत असते. सुरू असलेल्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद होऊ देऊ नका. मराठवाड्यात गोळ्या बंद होण्याचे कारण बहुतेक वेळा बुवा नसतो, ऊसतोडीला निघालेली गाडी असते, म्हणून ऑक्टोबरच्या आत सहा महिन्यांच्या औषधाची सोय लावून द्या. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि मेंदूचे दीर्घकालीन आजार धरून एकवीस प्रकार आहेत. प्रमाणपत्रासाठी सिव्हिलमध्ये ‘हे यात बसत नाही’ असे कोणी म्हणाले तर यादीची प्रत खिशात असू द्या, आणि नकार लेखी मागा.